यादीबाहेरची भूक

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. इथून समुद्र दिसत नाही. माहुलीचा किल्ला, माळशेजचा घाट, भातसा आणि काळू या नद्या, भाताची खाचरे आणि डोंगरउतारावरचे पाडे ही इथली ओळख. त्यामुळे चक्रीवादळ हा शब्द आमच्या भागात किनाऱ्यावरच्या लोकांचा मानला जातो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनने त्याची काळजी करावी आणि आपण मृगाच्या पावसाची वाट पाहावी, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो.

पण गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडला तर हा समज टिकत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तो भातकापणीचा मोसम. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि ईशान्येकडे सरकत सह्याद्री ओलांडून गेले. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबई-ठाण्याच्या जवळून समुद्रातून गुजरातकडे गेले. वादळाचा डोळा आमच्यापासून दूर राहिला, पण वारा आणि पाऊस दूर राहिला नाही. कौले फुटली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. ज्यांच्या भिंती कारवीच्या कुडाच्या आणि छप्पर पेंढ्याचे, त्यांची घरे उघडी पडली. आणि घर उघडे पडले की सर्वांत आधी भिजते ती कणगी. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी राखलेले धान्य तिच्यात असते.

या लेखात वाऱ्याचा इतिहास नाही. वारा थांबल्यावर जी भूक सुरू होते, तिच्यापर्यंत धान्य कसे पोचते आणि का पोचत नाही, याचा थोडा इतिहास आहे. तो लिहावासा वाटला त्याला एक कारण घडले. ते आधी सांगतो.

‘निसर्ग’ आले तेव्हा टाळेबंदी चालू होती. शाळा बंद होत्या. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्या महिन्यांत आमचे काम शिकवण्याचे उरले नव्हते. शालेय पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ आणि कडधान्य मोजून पालकांना देणे, सह्या घेणे, यादी वर पाठवणे, हेच काम होते. ईदुल फित्र २५ मे रोजी होऊन गेली होती. जकात आणि फित्र्याची रक्कम रमजानमध्येच वाटून झाली होती. बैतुलमालच्या पेटीत फारसे काही उरले नव्हते. तरी वादळानंतर दोन दिवसांत मोहल्ल्यातल्या तरुणांनी वर्गणी काढली. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती अशा पिशव्या भरल्या. यादी करण्याचे काम मास्तर म्हणून आमच्याकडे आले. वेळ कमी होता. आम्ही रमजानमधली फित्र्याची यादी काढली आणि तीच पुढे चालवली.

वाटप चालू असताना ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतली एक बाई फाटकापाशी येऊन उभी राहिली. पदरात मूठभर तांदूळ होते, भिजून आंबलेले. तिने विचारले, “गुरुजी, आमचा नाव हाय का तुमच्या कागदात?” तिचे नाव आमच्या कागदात नव्हते. तिचे कुटुंब दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले होते, टाळेबंदीत तिथेच अडकले आणि मे महिन्याच्या शेवटी चालत परतले. रेशनकार्ड एका दुकानदाराकडे गहाण होते. म्हणजे सरकारच्या यादीचा तिला उपयोग नव्हता आणि आमच्या यादीत ती बसत नव्हती. आम्ही तिला एक पिशवी दिली. पण तिच्या वाडीत आणखी बारा-पंधरा घरे होती आणि आमच्या पिशव्या संपत आल्या होत्या. संध्याकाळी हिशेब जुळवताना कळले की आमच्याच मोहल्ल्यातल्या एका घरात तीन वेगवेगळ्या लोकांकडून तीन पिशव्या गेल्या होत्या. त्या घराचा दोष नव्हता. दोष यादीचा होता आणि यादी आम्ही केली होती.

ही गोष्ट मनातून गेली नाही. पुढे सवड मिळेल तसे वाचत गेलो आणि लक्षात आले की आमच्या हातून जे छोट्या प्रमाणात घडले, तेच मोठमोठ्या राज्यांच्या हातून घडलेले आहे. धान्य नव्हते म्हणून माणसे उपाशी राहिली असे इतिहासात पुष्कळदा घडले. पण धान्य होते, ते कोणाला द्यायचे हे मोजलेले नव्हते, म्हणूनही माणसे तितकीच मेली.

आपल्या वाचकांना हिजरी सन १८, म्हणजे इसवी सन ६३९ चा दुष्काळ माहीत असेल. अरबी इतिहासात त्याला ‘आमुर रमादा’, राखेचे वर्ष, म्हणतात. पाऊस न पडल्याने जमीन राखेसारखी झाली आणि आसपासच्या टोळ्या मदीना शहरात येऊन राहिल्या. हजरत उमर (रजि.) यांनी त्या वर्षी तूप खाणे सोडले, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाजांतून ती नेहमी सांगितली जाते. पण त्यांनी त्याच वर्षी केलेली दुसरी कामे तितकी सांगितली जात नाहीत. त्यांनी दुसऱ्या प्रांतांच्या सुभेदारांना पत्रे पाठवून धान्य मागवले. शामहून हजरत अबू उबैदा (रजि.) धान्याने लादलेले उंट घेऊन आले. मदीनेत उतरलेल्या लोकांच्या वस्त्यांवर माणसे नेमून दिली. रात्री जेवणाऱ्यांची मोजदाद करवली आणि जे येऊ शकत नव्हते, आजारी, म्हातारे आणि मुले, त्यांची वेगळी मोजदाद करवली. पुढे इजिप्तहून धान्य जहाजाने यावे म्हणून नाईलपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा जुना कालवा खुला करवला.

तूप सोडणे हा तकवा होता. मोजदाद करणे हा कारभार होता. भुकेल्यांना दोन्हींची गरज होती. त्यांच्याच काळात नोंदवहीची ‘दिवान’ ही पद्धत बसली. आपल्या मराठीतला ‘दिवाण’ आणि ‘दिवाणी’ हे शब्द याच घरातले आहेत.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. शहापूर तालुक्यातून जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोचला. त्यानंतर अकराच वर्षांनी, १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. रेल्वे होती, व्यापाऱ्यांकडे धान्य होते, सरकार होते. तरी लाखो माणसे मेली. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी कमी करून एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, म्हणजे दिवसभर खडी फोडणाऱ्याला साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ नाणी. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी यांची ही सभा, पण तिने केवळ भाषणे केली नाहीत. तिने गावोगाव माणसे पाठवून पिकांची, भावांची, गाव सोडून गेलेल्यांची माहिती गोळा केली आणि ती सरकारला लिहून कळवत राहिली. सरकारच्या यादीसमोर लोकांनी आपली यादी ठेवली, असे हे आपल्या भागातले फार मोठे उदाहरण आहे.

त्या दुष्काळानंतर १८८० मध्ये रिचर्ड स्ट्रेची यांच्या आयोगाचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. संकटाच्या खुणा कोणत्या, काम कधी काढायचे, काम करू न शकणाऱ्यांना फुकट मदत कशी द्यायची, कोणत्या अंमलदाराने काय करायचे, हे तिच्यात लिहून ठेवले. आज तलाठी पंचनामा करतो, तहसीलदार अहवाल पाठवतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतात, या साखळीचे पुष्कळसे मूळ तिथे आहे.

संहिता असूनही ती वापरली नाही तर काय होते, हे १९४२ च्या बंगालने दाखवले. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे १४,५०० माणसे आणि १,९०,००० गुरे मेली. शेतात उभे असलेले अमन भात खारे झाले. महायुद्ध चालू होते, शत्रूला कळू नये म्हणून वादळाची बातमी सुमारे दोन आठवडे दाबून ठेवली गेली. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारपट्टीतल्या होड्या सरकारने आधीच काढून घेतल्या होत्या, त्यामुळे माल हलवायलाही साधन नव्हते. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, तो संहितेप्रमाणे जाहीरच केला नाही. चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज पंधरा लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की त्या वर्षी बंगालमधले धान्य आधीच्या वर्षांच्या मानाने इतके काही कमी नव्हते. मजुराच्या, कोळ्याच्या, कारागिराच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती.

इथे मुंबई आणि कलकत्ता यांची तुलना करावीशी वाटते. मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये सुरू झाले. घरोघरची माणसे मोजून कार्डे दिली गेली. कलकत्त्यात ते जानेवारी १९४४ मध्ये आले. मधल्या आठ महिन्यांत कलकत्त्याच्या फुटपाथवर खेड्यांतून आलेली माणसे मरत होती. त्या वेळी कलकत्त्याच्या कलाशाळेत शिकवणारे एक तरुण चित्रकार, जैनुल आबेदीन, साध्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने त्या माणसांची चित्रे काढत होते. ज्यांची कोणत्याच वहीत नोंद नव्हती, त्यांची नोंद त्या कागदांवर राहिली.

याच जैनुल आबेदीन यांना सत्तावीस वर्षांनंतर पुन्हा कुंचला हाती घ्यावा लागला. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री पूर्व पाकिस्तानच्या भोला आणि आसपासच्या बेटांवर चक्रीवादळ आले. तीन ते पाच लाख माणसे गेली, असे अंदाज आहेत. त्यांनी ‘मनपुरा ७०’ हे लांबलचक चित्र केले. पश्चिमेकडचे सरकार हालायला उशीर झाला. मदत आली ती तुटक आली, कोणाला द्यायची याचा ताळमेळ नव्हता. लोकांनी तो राग डिसेंबरच्या निवडणुकीत काढला आणि अवामी लीगने पूर्वेकडच्या १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या. शासनकर्तेही मुसलमान आणि बुडालेल्यांतही बहुसंख्य मुसलमान. तरी उपाशी माणसाने आपल्या सरकारला माफ केले नाही. एकाच कलम्याचे असणे हे कारभाराच्या चुकीवर पांघरूण होऊ शकत नाही, हा त्यातला धडा आहे.

बांगलादेशाने तो धडा घेतला. १९७२ मध्ये तिथे चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू झाला. गावोगावचे स्वयंसेवक, हातातला भोंगा, निवाऱ्याची इमारत आणि कोणत्या घरात कोण म्हातारे, कोण गरोदर याची माहिती. २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ आले तेव्हा, तेही टाळेबंदीच्या काळात, सुमारे चोवीस लाख माणसे बांगलादेशात निवाऱ्यात नेली गेली. तिथे मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. आपल्या देशात ओडिशानेही १९९९ च्या महावादळानंतर असेच काम उभे केले. ३ मे २०१९ च्या ‘फनी’च्या आधी तिथे सुमारे बारा लाख लोक हलवले गेले.

महाराष्ट्राचे वळण २६ जुलै २००५ ला आले. ते चक्रीवादळ नव्हते, पण त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास, काळू, भातसा या नद्यांनी आमच्या भागात हाहाकार केला. आम्ही तेव्हा शाळेत शिकत होतो. कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल पाण्याखाली गेला की मुरबाडचा तालुका कल्याणपासून तुटतो, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला. अंत्योदयच्या कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य, हा आता हक्क आहे. उपकार नाही.

मग तरी ती बाई आमच्या फाटकापाशी का आली?

कारण आपत्तीचे कागद मालमत्ता मोजतात. पंचनाम्यात घर येते, गुरे येतात, पीक येते. ‘निसर्ग’नंतर राज्य सरकारने दर वाढवले हे चांगलेच झाले. फळबागेला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार, अंशतः पडलेल्या घराला ६ हजारांऐवजी १५ हजार. पण ज्याच्याकडे बाग नाही, ज्याचे घर वनजमिनीवरचे कुडाचे आहे, ज्याची शेती म्हणजे दुसऱ्याच्या खाचरातली मजुरी आहे, त्याचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? ज्यांची उपजीविका आपत्तीत गेली त्यांना रोजच्या अन्नासाठी मोठ्या माणसाला ६० रुपये आणि मुलाला ४५ रुपये देण्याची तरतूद त्या वेळच्या आपत्ती निधीच्या निकषांत होती. ती आमच्या गावात कोणाला माहीत नव्हती. आम्हालाही नव्हती. मागणारच नसेल तर मिळणार कुठून?

दुसरे कारण असे की आमच्या तालुक्यांतली माणसे वर्षभर एका जागी नसतात. कातकरी आणि ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कार्ड गावात, माणूस भट्टीवर. रेशनच्या दुकानात अंगठ्याचे यंत्र आले, त्याने चोरी कमी झाली हे खरे. पण वादळात वीज आणि नेटवर्क गेले की ते यंत्रही मुके होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, तेव्हा आदिवासी तालुके तिकडे गेले असा सर्वसाधारण समज झाला. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले आहेत, ही गोष्ट शहरी ठाण्याला सारखी आठवून द्यावी लागते. ज्या भातसा धरणाचे पाणी मुंबई पिते, ते याच शहापूर तालुक्यात आहे.

तिसरे कारण वेळेचे. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात आधार म्हणून ‘खावटी’ कर्जाची जुनी योजना होती. ती काही वर्षे बंद पडली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती अनुदान म्हणून पुन्हा मंजूर झाली. कुटुंबाला चार हजार रुपये, त्यातले दोन हजार खात्यात आणि दोन हजारांचा किराणा, ११ लाख ५५ हजार कुटुंबांसाठी. योजना मनापासून चांगली होती. पण किराणा अनेक पाड्यांवर पोचेपर्यंत २०२१ चा पावसाळा उजाडला. एका पावसाळ्याची भूक दुसऱ्या पावसाळ्यात भागवता येत नाही.

सरकारच्या यादीतल्या या उणिवा सांगताना आमच्या यादीची उणीव लपवणे बरे नाही. आम्ही फित्र्याची यादी घेतली, कारण ती तयार होती. आपल्या माणसांचा विचार आधी येतो हे स्वाभाविक आहे. फित्रा आणि जकात यांचे शरई नियम आहेत, त्याबद्दल उलेमा सांगतील. पण आमच्या पिशव्या जकातीच्या नव्हत्या, वर्गणीच्या होत्या, सदक्याच्या होत्या. सदक्याला ओढा आडवा येत नाही. शेजारी उपाशी असताना स्वतः पोटभर जेवणाऱ्याविषयी पैगंबर साहेबांनी (स.) काय सांगितले ते आपल्याला पाठ आहे, आणि त्या शेजाऱ्याचा धर्म विचारायला सांगितलेला नाही.

म्हणून २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आले तेव्हा आम्ही वेगळे केले. ते वादळही ईदनंतर तीनच दिवसांनी आले होते. पिशव्या भरण्याआधी आम्ही दोघे-तिघे मास्तर ग्रामसेवक, आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई यांच्याबरोबर बसलो. एकच वही केली. एका रकान्यात घरातली माणसे, दुसऱ्यात कार्डाचा रंग, पिवळे की केशरी, की कार्डच नाही. तिसऱ्यात कार्ड कुठे आहे, घरात की गहाण. चौथ्यात कोण भट्टीवर आहे आणि कधी येणार. कोणी काय दिले ते शेवटच्या रकान्यात. मोहल्ला, गावठाण, ओढ्यापलीकडची वाडी, सगळे एकाच वहीत. त्या वेळी कोणाकडे तीन पिशव्या गेल्या नाहीत. ज्यांच्याकडे कार्ड नव्हते अशा नऊ घरांचे अर्जही भरून दिले. त्यांतले सगळे मंजूर झाले नाहीत. पण नावे कागदावर आली.

हे काम मोठे नाही. ते आपल्या प्रत्येक गावच्या मशिदीच्या कमिटीला, प्रत्येक शाळेला जमण्यासारखे आहे. मदत करण्यात आपला समाज कधी मागे नव्हता. पुरात, वादळात आपल्या तरुणांनी देगा चढवल्या, खांद्यावर पोती वाहिली. कमी पडतो ते मोजण्यात, आणि मोजलेले सरकारसमोर ठेवण्यात. आपली वही तहसील कार्यालयाच्या यादीशी ताडून पाहिली तर दोन्हींतली भोके दिसतात. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दीडशे वर्षांपूर्वी हेच केले. हजरत उमर (रजि.) यांनी चौदाशे वर्षांपूर्वी हेच करवले.

ती वही आमच्या शाळेच्या कपाटात आहे. दरवर्षी मे महिन्यात आम्ही ती काढतो. कोण गेले, कोण जन्मले, कोण भट्टीवरून परतले, ते लिहितो. पहिल्या पानावर त्या बाईच्या घराची नोंद आहे. तिचे रेशनकार्ड सुटले आहे. पुढच्या वादळाचे नाव काय असेल आणि ते कधी येईल ते अल्लाहच जाणे. पण त्या वेळी कोणालाही फाटकापाशी येऊन आपले नाव कागदात आहे का, असे विचारावे लागू नये, एवढी तयारी आपण करू शकतो.